दादा, कुठला घेऊ?

टिळक रोड ते तापकीर गल्ली. निवांत चाललात तरी तासाभराचं काम. प्रश्न एकच, उत्तरं मात्र दर दुकानात वेगळी!

आई एकटीच गेली होती. चूक माझीच.

शनिवार होता, महिन्याची २९ तारीख, दिवाळी होऊन महिना उलटलेला. माझ्या डोक्यावर डेडलाइन. आई कराडहून चार दिवसांसाठी आलेली आणि तिचा जुना फोन चार्जिंगला लावल्याशिवाय चालतच नव्हता. म्हणजे मोबाईल कसला, लँडलाइनच! ‘तू लिही गं, मी आणते जाऊन. टिळक रोड काय मला नवीन आहे?’ असं म्हणत ती बाहेर पडली. लग्नाआधी एस. पी. कॉलेजात शिकलेली बाई. टिळक रोड अजूनही आपल्याच ओळखीचा आहे, असा तिचा ठाम समज.

तिच्या अटी तीन. अक्षरं मोठी दिसली पाहिजेत. आवाज खणखणीत हवा, कारण डाव्या कानाने तिला जरा कमी ऐकू येतं. आणि बंगळुरूच्या नातीचा व्हिडिओ कॉल मध्येच गचकायला नको. बजेट पंधरा हजार. बत्तीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाचं बजेट म्हणजे बजेट असतं.

दीड तासाने ती परत आली ती २६,९९९ रुपयांचा फोन घेऊन. सोबत स्क्रीन फुटली तर म्हणून १,७९९ रुपयांचा प्लॅन, कव्हर, काच... आणि हप्ते! आमच्या घरात कर्ज एकदाच काढलं गेलं, घर बांधताना. ते फिटलं त्या दिवशी आईने पेढे वाटले होते. त्या बाईने टिळक रोडवरच्या काउंटरवर उभं राहून ओटीपी सांगून कर्ज घेतलं होतं. ‘व्याज नाही म्हणाला,’ असं ती मला दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा जरा हळू आवाजात.

‘पण तो मुलगा फार चांगला होता गं. बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. माझे सगळे नंबर त्यानेच नव्या फोनमध्ये टाकून दिले.’

आता, फोन वाईट होता का? मुळीच नाही. कॅमेरा झकास, दिसायला एकदम कूल, कडा दोन्ही बाजूंना वळलेल्या. घोळ नेमका तिथेच होता. फोन हातात धरला की आईचा अंगठा त्या वळलेल्या कडेला लागायचा आणि नातीचा कॉल घ्यायच्या ऐवजी भलतंच काहीतरी उघडायचं. आवाज जुन्या फोनपेक्षा कमीच. रात्री पोर्ट्रेट मोडमध्ये मी तिचा फोटो काढला. मागचा पडदा छान धूसर आला. आई मात्र फोटोत वैतागलेली दिसतेय.

चूक म्हटलं तर माझी, आणि राग म्हटला तर त्या ‘चांगल्या मुला’वर. सोमवारी दुपारी मी निघाले, ते चक्क भांडायलाच.

शर्ट बघा, शर्ट!

दुकान बंद. अर्थात! दुपारी पुण्यात दुकानदाराशी भांडायचं तरी चार वाजेपर्यंत थांबावं लागतं. (मोठी शोरूम्स आता दिवसभर उघडी असतात, पण हे जुन्या वळणाचं दुकान. एकेकाळी इथे टेपरेकॉर्डर मिळत, असं आईच म्हणाली.) मग वेळ काढायला मी अलका चौकातून स्वारगेटच्या दिशेने चालायला लागले आणि वाटेत दिसेल त्या मोबाईलच्या दुकानात शिरून तोच प्रश्न विचारायला लागले: ‘दादा, आईसाठी फोन हवाय. पंधरा हजारांपर्यंत. मोठी अक्षरं, मोठा आवाज. कुठला घेऊ?’

पहिल्या दुकानात निळ्या टी-शर्टवाल्याने निळ्या कंपनीचा दाखवला. दुसऱ्यात हिरव्या टी-शर्टवाल्याने हिरव्या कंपनीचा. तिसऱ्यात दोघंही होते. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत निळा पुढे आला आणि हिरवा दोन पावलं मागे सरकला. त्यांचं आपापसांत ठरलेलं असतं, रिक्षा स्टँडसारखं. ह्याचं गिऱ्हाईक झालं की त्याचा नंबर. गंमत म्हणजे चार दुकानांत मला चार वेगवेगळे फोन मिळाले आणि चारही ‘आईंसाठी एकदम परफेक्ट’ होते. आईला ऐकायला कमी येतं, हे मी चारही ठिकाणी सांगितलं. फोनचा आवाज लावून मला एकानेच ऐकवला. बाकी तिघांनी कॅमेरा उघडून माझाच फोटो काढला.

आपण दुकानात शिरतो तेव्हा समोरचा माणूस दुकानाचा आहे असं धरून चालतो. बऱ्याचदा तो नसतो. तो असतो प्रमोटर. त्याचा पगार कंपनी देते, किंवा कंपनीने नेमलेली माणसं पुरवणारी एजन्सी देते. दुकानदाराला फुकट हात मिळतो, कंपनीला काउंटरवर स्वतःचं तोंड मिळतं. दुकानाच्या कपाळावरचा झगझगीत बोर्ड, आतली डेमोची टेबलं, डोळ्यांच्या पातळीवरचा तो एक कप्पा ह्या जागांचाही कंपन्यांशी हिशोब असतो. तुम्हाला वाटतं दुकान मांडलंय. खरं तर दुकान भाड्याने दिलंय, फूट-फुटाने.

हे सगळं आलं कुठून? २०१४ साल आठवा. फेब्रुवारीत मोटो जी फक्त फ्लिपकार्टवर आला, जुलैत शाओमीचा एमआय थ्री आला तोही तिथेच. ऑफिसात लोक लॅपटॉपवर रिफ्रेश मारत बसलेले मला आठवतात. (माझा मोठा भाऊ, आताचा बंगळुरूकर, त्यातलाच. त्याला मिळाला नाही, आठवडाभर तोंड पाडून होता.) गल्लीतला दुकानदार ह्या सगळ्यात नव्हताच. त्याच वर्षी ओप्पो आणि व्हिवो भारतात उतरले आणि त्यांनी उलटा डाव टाकला. ऑनलाइनच्या मागे न धावता दुकानं धरली. बोर्ड लावून दिले, माणसं उभी केली, विकणाऱ्याच्या हातात चार पैसे जास्त पडतील असं बघितलं. बाकीचेही मग त्याच वाटेने आले. इंटरनेटवर रिव्ह्यू वाचून घेणारा एक गिऱ्हाईक असेल, तर ‘दादा, कुठला घेऊ?’ विचारणारे किती असतील, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. माझी आई त्या दुसऱ्या रांगेतली.

सदतिसावी

साडेचारला तो मुलगा भेटला. मी आवाज चढवायची तयारी करूनच गेले होते. त्याने मला बघितलं, बिल बघितलं आणि म्हणाला, ‘कराडच्या मॅडमची मुलगी ना तुम्ही? त्यांना फाँट मोठा करून दिला होता, दिसतंय ना नीट?’

झालं! भांडणातली हवाच गेली. चालू केलेला फोन कंपनी परत घेत नाही, हे त्याने सरळ सांगितलं आणि ते खरंही होतं. मग मी म्हटलं, मी पत्रकार आहे, चहा घेऊ या का? त्याने मालकाकडे बघितलं, मालकाने घड्याळाकडे. दहा मिनिटं मिळाली.

कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात तो जे बोलला ते त्याच्याच अटीवर लिहितेय: नाव नाही, कंपनीचं नाही आणि दुकानाचंही नाही.

मुलगा मराठवाड्यातला, वय पंचविसच्या आत-बाहेर. एमपीएससीसाठी पुण्यात आला. दोन वर्षं सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत काढली, एकदा प्रिलिम निघाली, मेन्सला गेला. मग घरून पैसे यायचे थांबले. ‘पगार म्हणजे कॉट आणि मेस, ताई. बाकी सगळं इन्सेंटिव्हवर.’ इन्सेंटिव्ह प्रत्येक मॉडेलला वेगळा. स्वस्त फोनवर किरकोळ, महागावर जास्त. आणि कंपनीला जे मॉडेल काढायचंय, म्हणजे नवा लाँच झालेला किंवा गोडाऊनमध्ये अडकलेला, त्यावर सगळ्यात जास्त. त्याला ‘फोकस मॉडेल’ म्हणतात. फोन विकला की डब्यावरचा आयएमईआय नंबर ॲपमध्ये स्कॅन करायचा, फोन चालू झाला की तो त्याच्या नावावर मोजला जातो.

‘पण खरी मारामारी स्लॅबची असते,’ तो म्हणाला. त्याच्या हिशोबात त्या महिन्याला चाळीस नग होते. चाळीस झाले तर सगळ्याच नगांना वरचा दर. एकही कमी पडला तर सगळ्यांना खालचा. दिवाळीत लोकांनी घेऊन टाकलेले, त्यामुळे नंतरचा महिना कोरडा. २९ तारखेच्या सकाळी त्याचे छत्तीस झाले होते.

‘तुमच्या आई सदतिसाव्या.’

मी काहीच बोलले नाही. तोच म्हणाला, ‘त्यांनी पंधरा हजार सांगितलेलं मला माहितीये. पंधरामध्ये आमच्याकडे एक चांगला होता. पण तो फोकसमध्ये नव्हता.’

‘मग? झाले का चाळीस?’

‘एकोणचाळीस.’

स्क्रीनच्या प्लॅनचं काय, हेही मी विचारलंच. प्लॅन आणि काच ही दुकानाची कमाई, ते चिकटवायला मालकाने सांगून ठेवलेलं. हप्त्याच्या टेबलावरचा पोरगा आणखी तिसऱ्याच कंपनीचा, त्यालाही टार्गेट आहेच. थोडक्यात काय, आईच्या भोवती त्या दिवशी तीन माणसं उभी होती आणि तिघांची महिनाअखेर होती. आईला वाटलं, किती मदत करतात पोरं!

आणि हे काही आपल्याकडेच चालतं असं समजू नका. ब्रिटनमध्ये कारफोन वेअरहाउस ही फोन विकणारी मोठी साखळी होती. फोनचा विमा चुकीच्या पद्धतीने विकला म्हणून तिला तिथल्या फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटीने मार्च २०१९ मध्ये २ कोटी ९० लाख पौंडांहून जास्त दंड केला. ज्या गिऱ्हाइकाकडे बँकेच्या खात्यासोबत किंवा घराच्या विम्यात आधीपासूनच संरक्षण आहे, त्यालाही पॉलिसी कशी विकायची, ह्याचं तिथे ट्रेनिंग दिलं जायचं. आमच्या टिळक रोडवर ट्रेनिंग नाही. २९ तारीख पुरते.

मंडईला उतरलं की

स्वारगेटहून मेट्रोने एकच स्टेशन, मंडई. २०२४ च्या सप्टेंबरअखेर हा भुयारी टप्पा सुरू झाल्यापासून पेठेत जायला मला कारणच लागतं. बाहेर आलात की भाजीचा वास, पुढे बाबू गेनू चौक, दगडूशेठची गर्दी आणि मग बुधवार पेठेतली तापकीर गल्ली. दिव्यांच्या माळा, वायरी, स्पीकर, पंखे. आसपास मोबाईल दुरुस्तीची टेबलं, दोन बाय तीन फुटांची, वर भिंगाचा दिवा. इथे कुणाच्याही अंगात कंपनीचा टी-शर्ट नाही. मला वाटलं, चला, इथे खरं उत्तर मिळेल.

एका काकांना विचारलं, ‘काका, आईसाठी कुठला घेऊ?’

काकांनी मान वर न करता दोन नावं सांगितली. मी खूश. मग सहज विचारलं, हेच का? तर म्हणाले, ‘ह्यांचे डिस्प्ले माझ्याकडे असतात.’

घ्या! जो-तो आपापल्या कपाटाकडे बघूनच उत्तर देतो. पण काकांचं मला एक आवडलं. त्यांनी कारण सांगितलं. आईचा फोन त्यांना दाखवला तेव्हा ती वळलेली कड बोटाने चाचपत ते म्हणाले, ‘ह्यावर साधी काच नीट बसत नाही, पडला तर खर्च मोठा. आज्जीबाईंच्या हातात कशाला दिला?’ आईला आज्जीबाई म्हटलेलं तिला सांगितलं नाही.

तिथूनच जवळ एक छोटा दुकानदार, वय साठीच्या पुढे, स्वतः काउंटरवर बसणारा. त्याने दुसरी बाजू ऐकवली. आयफोन मागणारे येतात, दुकानाची शान वाढते, पण हातात फार काही पडत नाही. कमाई कव्हर-काचेवर, जुना फोन बदलून घेण्यात. ज्या कंपनीचं मार्जिन बारीक, ती दुकानात मागच्या रांगेत जाते, किंवा ‘मॅडम, त्याची सर्व्हिस बरोबर नाही’ असं ऐकू येतं. त्याने हे अगदी सहज सांगितलं, हवापाण्यावर बोलावं तसं. मला २०२४ चं आठवलं. दक्षिण भारतातल्या संघटित मोबाईल विक्रेत्यांच्या संघटनेने वनप्लसला पत्र पाठवून १ मेपासून त्यांचे फोन विकणं थांबवू असा इशारा दिला होता, आणि तक्रारींत एक तक्रार कमी मार्जिनची होती. पेपरात ती बातमी बिझनेसच्या पानावर होती. काउंटरवर तीच बातमी ‘सर्व्हिस बरोबर नाही’ अशी ऐकू येते.

म्युच्युअल फंड घेताना आपण केवढे चोखंदळ असतो बघा. सेबीने ऑगस्ट २००९ पासून एंट्री लोड बंद केला, आता तर वितरकाला किती कमिशन गेलं ते स्टेटमेंटमध्ये रुपयांत छापून येतं. इन्स्टाग्रामवर कुणी पैसे घेऊन क्रीमची तारीफ केली तर जाहिरात मानक परिषदेच्या जून २०२१ पासूनच्या नियमांप्रमाणे तिला तसं लेबल लावावं लागतं. काउंटरवरच्या मुलाला लेबल एकच, टी-शर्ट. तेही वाचायची आपल्याला सवय नाही.

आणि आता जरा माझ्याबद्दल, कारण त्या मुलाने चहा संपताना मला विचारलंच, ‘तुम्ही पण लिहिता ना मोबाईलवर?’

लिहिते. दिवाळीच्या आधी एका मासिकात ‘ह्या दिवाळीत घ्यावेत असे पाच फोन’ लिहिलं होतं. त्यातल्या पहिल्या नंबरवरच्या फोनच्या लाँचला मी मुंबईला जाऊन आले होते. गाडी त्यांची, पंचतारांकित जेवण त्यांचं, निघताना हातात पिशवी. पिशवीत इअरफोन. तो फोन चांगला आहे हो, खरंच! पण पहिल्या नंबरवर का, ह्याचं उत्तर आज द्यायला मला वेळ लागेल. इअरफोन अजून वापरते. लेखात पिशवीचा उल्लेख नव्हता, शब्दमर्यादा होती म्हणू या. मुलाला मी एवढंच म्हटलं, ‘हो, कधीकधी.’ तो हसला. चहाचे पैसे त्याने देऊ दिले नाहीत.

खुर्ची तीच

हप्ते आईने दुसऱ्याच आठवड्यात एकरकमी फेडून टाकले. व्याज नव्हतं, खरंच. प्रोसेसिंग फी होती. पेढे नाही वाटले.

जानेवारीत ती परत आली. कराडच्या शेजारच्या काकूंना फोन हवा होता आणि तो पुण्यातून आणायची जबाबदारी आईने अंगावर घेतलेली. म्हणाली, ‘त्याच दुकानात जाऊ. तो मुलगा ओळखीचा झालाय.’ मी कपाळाला हात लावला. पण ह्या वेळी बरोबर गेले. आणि तारीख बघून गेले, ५.

दुकान तेच, खुर्ची तीच, पाण्याचा ग्लास तोच. मुलगाही तोच. टी-शर्ट मात्र बदललेला! नव्या वर्षात त्याने कंपनी बदलली होती, पगार थोडा जास्त म्हणून. आईला बघून त्याने वाकून नमस्कारच केला. आईने पर्समधून आपला फोन काढून काउंटरवर ठेवला. त्याने तो उचलला, वळलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि सवयीने म्हणाला, ‘मॅडम, हा तुमच्यासाठी बरोबर नाही बघा. कडेला टच होत असेल ना सारखा? ह्यापेक्षा आमचा हा...’

आणि मग तो थांबला. त्याला आठवलं असावं. माझ्याकडे बघितलं, मान खाली घातली.

आईच्या चेहऱ्यावर मात्र काहीच नाही. बत्तीस वर्षांत ‘बाई, वही घरी राहिली’ किती वेळा ऐकलं असेल तिने. पर्सचा चाप लावत ती म्हणाली, ‘ते राहू दे. परीक्षेचं काय केलंस?’

‘फॉर्म भरलाय, मॅडम.’

‘बरं. आणि तुझा स्वतःचा फोन कुठला आहे रे?’

त्याने एकदा मालकाकडे बघितलं. मग खिशातून काढला. निळाही नाही, हिरवाही नाही; तिसऱ्याच कंपनीचा, तीन-चार वर्षांचा, कोपऱ्यात काच तडकलेली. आईने चष्मा सारखा करून तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, कडेवर अंगठा ठेवून बघितला.

‘ह्याचा आवाज मोठा आहे का?’